चाचणी-निकालांतील यंत्रभेद
एकाच प्रोग्रामच्या स्वयंचलित चाचण्या एका संगणकावर यशस्वी, तर दुसऱ्यावर अयशस्वी ठरणे. दोष बहुधा प्रोग्रामपेक्षा भोवतालच्या मांडणीत असतो : वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, लायब्ररीची वेगळी आवृत्ती, वेळेची किंवा भाषेची वेगळी सेटिंग. लिनक्स फाइलनावांत लहान-मोठी रोमन अक्षरे भिन्न मानते. विंडोज सहसा मानत नाही.

मराठी मजकुरात भाषेची सेटिंग विशेष सतावते. गावांची यादी लावताना पारोळा तालुक्यातील दळवेल आधी की धुळे जिल्ह्यातील दहिवद? मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून दहिवद आधी. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘व’च्याही आधी आहे, नुसत्या क्रमांकांवर लावलेली यादी दळवेलपासून सुरू होते. भुसावळ तालुक्यातील कुऱ्हे पानाचे या नावातील ‘ऱ’ एका संकेतांकानेही लिहिता येतो, ‘र’ आणि नुक्ता जोडूनही. पडद्यावर फरक दिसत नाही, तुलना मात्र फसते.

वेळेचा घोळ त्याहून फसवा. जागतिक प्रमाणवेळेवरचा सर्व्हर जळगावच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असतो. त्यामुळे पहाटे साडेपाचपूर्वी दोघांची तारीखच वेगळी.

उपाय : आवृत्त्या गोठवणे, वेळ व क्रमवारीचे नियम चाचणीतच नमूद करणे, सर्वांनी समान कंटेनर, म्हणजे प्रोग्राम व त्याची भोवतालची मांडणी एकत्र बांधलेले पाकीट, वापरणे (उदा. 2013 मध्ये आलेले डॉकर). चाचणी पुन्हा पुन्हा चालवून यशस्वी करून घेणे हा उपाय नव्हे, जरी तोच सर्वाधिक लोकप्रिय असावा.