टपालाची पाखडणी

यंदा एका संपादकांचे लेख मागणारे पत्र माझ्या संगणकात आठ दिवस पडून होते. सापडले ते लॉटऱ्या, कर्जे आणि केशवर्धक तेले यांच्या ढिगात! ई-मेलच्या प्रोग्रॅमने ते परभारे केरात टाकले होते. प्रथम राग आला. मग ही चाळणी आली कुठून, हे शोधावेसे वाटले.

न मागितलेल्या टपालाचा उगम १९७८ सालच्या मे महिन्यात सापडतो. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर तेव्हा मोजकीच माणसे होती. एका संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने त्यांपैकी सुमारे ४०० जणांना नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकदम धाडले. लोक चिडले, पण वाट पडली ती पडलीच.

पुढे चाळण्या निघाल्या त्या ओबडधोबड. अमुक शब्द दिसला की पत्र बाहेर! पाठवणारे काय कमी बिलंदर? त्यांनी अक्षरांच्या मध्ये टिंबे आणि आकडे पेरले.

यावर २००२ साली पॉल ग्रॅहॅम याने एका लेखात तोड सुचवली. संशोधकांनी ती कल्पना १९९८ सालीच मांडली होती. लोकांत रुजवली ती ग्रॅहॅमने. गंमत अशी की, तिच्या मुळाशी थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे गणित आहे. बेझ १७६१ साली वारला. त्याचा निबंध १७६३ साली त्याच्या मित्राने, रिचर्ड प्राइसने, उजेडात आणला. पुरावा हाती येईल तसतसा आपला अंदाज कसा बदलावा, याचा तो हिशेब.

यंत्रापुढे दोन ढीग ठेवायचे, एक चांगल्या पत्रांचा, एक केराचा. कोणता शब्द कुठे किती वेळा येतो हे ते मोजते, आणि नव्या पत्रातील ठळक शब्दांना साक्षीला बोलावते. ग्रॅहॅमला आढळले की, भडक लाल रंगाचा सांकेतिक आकडा हा अश्लील शब्दाइतकाच पक्का साक्षीदार आहे! चांगल्या ढिगातील शब्दांची गणती मात्र त्याने मुद्दाम दुप्पट धरली. केर घरात आला तर झाडता येतो. बाहेर फेकलेल्या मोत्याचा पत्ताही लागत नाही.

२००३ साली मोझिलाच्या प्रोग्रॅमात ही युक्ती आली. थंडरबर्डमध्ये आजही ती चाळणी चालू ठेवता येते, आणि पत्त्यांच्या वहीतील माणसांना अभय देता येते. मग केराला केर म्हणायचे, आणि चुकून तिकडे गेलेल्या पत्राला 'हा केर नव्हे' असेही सांगायचे. हे दुसरे काम मी कधी केलेच नव्हते. एकाच ढिगावर शिकलेल्या शिष्याला दोष काय द्यायचा!

संपादकांचा पत्ता वहीत नोंदवला आणि ढीग उपसायला बसलो. जुना केर आपोआप जाळून टाकण्याचीही सोय असते. ती मी सुदैवाने निवडली नव्हती. आणखी तीन पत्रे निघाली. त्यांतले एक जुन्या विद्यार्थिनीचे, लग्नाचे आमंत्रण होते. अक्षता पडून दीड महिना झाला होता.