परतीचे अध्ययन : फ्रांकफुर्टचे लेहरहाउस आणि हिब्रूचा प्रश्न

प्रौढशिक्षणाकडे बहुधा शालेय शिक्षणातील उणीव भरून काढणारी एक दुय्यम सोय म्हणून पाहिले जाते. फ्रान्झ रोझेनत्स्वाइग (१८८६–१९२९) यांनी फ्रांकफुर्ट येथे १९२० साली उभारलेल्या ‘फ्रायेस युडिशेस लेहरहाउस’ या संस्थेच्या संदर्भात मात्र ही समजूत बाजूला ठेवावी लागते. तेथे येणारा ज्यू श्रोता अशिक्षित नव्हता. गटे आणि कान्ट त्याच्या परिचयाचे होते. परका झाला होता तो प्रार्थनाग्रंथ. ‘लेहरहाउस’ हे ‘बेथ मिद्राश’ या जुन्या हिब्रू संज्ञेचे जर्मन रूप. ‘फ्रायेस’ म्हणजे मोफत नव्हे, तेथे शुल्क आकारले जाई. ‘मुक्त’ ते प्रवेशाच्या अटींपासून.

स्वतः रोझेनत्स्वाइग १९१३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतले होते. हेगेलवरील त्यांच्या ग्रंथाने विद्यापीठाची वाट मोकळी केली असतानाही त्यांनी ती नाकारली. लेहरहाउसच्या उद्घाटनप्रसंगी त्यांनी मांडलेला विचार या निर्णयाशी जोडूनच वाचला पाहिजे. पूर्वीचे अध्ययन तोराकडून जीवनाकडे जात असे. आता ते जीवनाकडून, तोराविषयी काहीच ठाऊक नसलेल्या जगाकडून, तोराकडे यावे, असा त्या विचाराचा आशय. दूर गेलेल्याला आपले दूरपण टाकून द्यावे लागत नाही, तेच त्याच्या वाचनाचे भांडवल ठरते. म्हणूनच एदुआर्द श्त्राउस हे रसायनशास्त्रज्ञ आणि रिखार्ड कोख हे वैद्य येथे अध्यापक होऊ शकले. पाठीमागे परंपरेचा अधिकार नसलेला अध्यापक विद्यार्थ्याच्या शेजारी बसून शिकतो, ही कल्पना आजच्या वाचककेंद्री समीक्षेलाही अपरिचित वाटू नये.

भरभराटीच्या काळात सुमारे अकराशे जणांनी नावे नोंदविली होती. या आकड्याने भारावून जाण्याचे मात्र कारण नाही. नामांकित वक्त्यांची सभागृहे भरत. संहितेचे वाचन करणारी मंडळे लहान असत. मार्टिन बूबर यांनी १९२२ च्या आरंभी येथे दिलेल्या व्याख्यानांतून ‘इख् उंड् डू’ या ग्रंथाची (१९२३) पूर्वतयारी झाली, हे सर्वज्ञात आहे. त्यामानाने गेर्शोम शोलेम यांनी १९२३ मध्ये, पॅलेस्टाइनला जाण्यापूर्वी, मूळ हिब्रू ग्रंथ घेऊन चालविलेल्या वर्गांची चर्चा कमी होते. संस्थेची खरी कसोटी तेथेच होती.

कारण प्रश्न भाषेचा होता. हिब्रू प्रार्थनेचे भाषांतर होऊ शकत नाही, ही रोझेनत्स्वाइग यांची भूमिका १९१७ च्या ‘त्साइट इस्ट्स’ या शिक्षणविषयक पत्रापासूनची. असे असता १९२२ मध्ये पक्षाघातसदृश असाध्य व्याधीने वाचा आणि हात निकामी होत गेलेल्या या माणसाने उरलेले आयुष्य भाषांतराला वाहिले : प्रथम येहुदा हालेवीची काव्ये (१९२४), पुढे १९२५ पासून बूबर यांच्यासह बायबल. हा अंतर्विरोध म्हणता येणार नाही. परके ते जर्मन करून घ्यायचे नाही, जर्मनलाच परके होऊ द्यायचे, हे त्यांचे भाषांतरतत्त्व होते. ज्याला हिब्रू येत नाही त्यालाही हिब्रूचा अभाव ऐकू यावा, अशी ही योजना. भाषांतर येथे वर्गाचेच विस्तारित रूप होते.

(मराठीशी हिब्रूची गाठ निराळ्या मार्गाने पडली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, आणि पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. तेथे मिशनऱ्याचे साधन समाजाने आपल्या उपासनेसाठी वापरले. मराठीला परके करण्याची गरज कोणाला भासली नाही. या फरकाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.)

झीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९२६ मध्ये या बायबलवर घेतलेला आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. सत्य आता पवित्र भाषेत वसत नाही, ते व्यवहाराच्या सामान्य भाषेत शोधावे लागते. आर्ष वळणाची जर्मन ही प्रतिगामी ठरते, असे त्यांचे म्हणणे. जर्मनविषयी ते बरेचसे खरे आहे. परंतु ज्या वाचकाने हिब्रूचे एक अक्षरही पाहिलेले नाही, त्याच्या मौनाला क्राकाउअर यांच्यापाशी उत्तर नव्हते.

विसाव्या दशकाच्या उत्तरार्धात लेहरहाउस थंडावले. १९३३ च्या नोव्हेंबरात बूबर यांनी ते पुन्हा उघडले, तेव्हा ज्यूंना जर्मन शिक्षणसंस्थांतून हुसकावले जात होते. ‘परत येणे’ या शब्दाचा अर्थच त्यामुळे पालटला : जी निवड होती ती सक्ती झाली, आणि त्या सक्तीला आतून अर्थ देणे हे वर्गाचे काम झाले. १९३८ मध्ये बूबर जेरुसलेमला गेले. त्याच वर्षी संस्था बंद पडली.

बायबलचे भाषांतर बूबर यांनी १९६१ मध्ये एकट्याने पूर्ण केले. त्यानिमित्त जेरुसलेममध्ये बोलताना शोलेम यांनी विचारले की हे आता कोणासाठी. आणि पाहुण्याने यजमानाला द्यावयाची भेट म्हणून आरंभिलेल्या या कार्याला त्यांनी समाधिशिलेची उपमा दिली.