विभागाचा वाटा आणि आपली मुले

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन मराठवाड्यातील खेड्यांत आयुष्यभर मास्तरकी केलेला मनुष्य. परंतु दहावी झालेल्या मुलाचा बाप दाराशी येऊन “गुरुजी, आता पुढे काय?” असे विचारतो, तेव्हा त्या साध्या प्रश्नामागे केवढा इतिहास उभा असतो, हे मला उशिराच उमगले. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विभागवार जागांचा तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

पुण्यास १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, मुंबईस १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले व तेथे १९२९ मध्ये इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू झाले. परंतु ते दूर हैदराबादेस, आणि विद्यापीठाची शिक्षणभाषा उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या मुलास ते दार जवळजवळ बंदच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा आमच्या विभागात एकही अभियांत्रिकी महाविद्यालय नव्हते.

मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, ही आकांक्षा सर्वांचीच होती. तथापि पुण्यामुंबईच्या पुढारलेल्या मुलांबरोबर आमच्या मुलांचा निभाव कसा लागणार, ही शंकाही खरी होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने या शंकेस उत्तर दिले. धंदेशिक्षण, शास्त्रीय शिक्षण व इतर विशेष शिक्षण देणाऱ्या संस्थांत प्रत्येक विभागाच्या विद्यार्थ्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेशाची सोय मिळेल, असे त्यात मान्य करण्यात आले. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरविण्याचेही वचन होते. पुढे १९५६ मध्ये घटनेच्या ३७१ व्या कलमात तंत्रशिक्षणाच्या न्याय्य व्यवस्थेचा उल्लेख आला. म्हणजे विभागाचा वाटा ही कोणी घातलेली भिक्षा नव्हती. एकत्र नांदण्यासाठी भावाभावांनी केलेला तो करार होता.

वचनामागून कृतीही झाली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि १९६० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. कालांतराने विद्यापीठाचे क्षेत्र हेच प्रवेशाचे माप ठरले. ज्याचे शिक्षण ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात, त्याचा त्या क्षेत्रातील जागांवर पहिला हक्क. वैद्यकीय प्रवेशाच्या अशाच नियमांवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. बाहेरच्या विद्यार्थ्यास दार सर्वस्वी बंद करणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. मात्र खुल्या जागांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत जागा क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी राखता येतील, असा त्याचा आशय. अभियांत्रिकीतही सत्तर-तीसचे हेच प्रमाण रूढ झाले. हैदराबाद राज्यातील आमचे जुने भावंड जे तेलंगण, त्याच्या वाट्यास १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने याहून मोठा हिस्सा आला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात स्थानिक क्षेत्रातील विद्यार्थ्यांस पंच्याऐंशी टक्के जागा मिळाल्या.

आता स्वतःची एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आपल्याच समाजातील एक अत्यंत हुशार मुलगा होता. गणितात तो मलाही मागे टाकी. “शहरात शिकव, तेथे शिकवणी चांगली,” असा सल्ला मी त्याच्या वडिलांस दिला. त्यांनी एक बैल विकून मुलास पुण्यास अकरावीत घातले. बारावीत मुलाने गुण उत्तम मिळविले. परंतु बारावी तेथे केल्यामुळे त्याचे विद्यापीठ-क्षेत्र बदलले. पुण्याच्या स्पर्धेत ते गुण उणे पडले, आणि जेथे ते सहज पुरले असते त्या औरंगाबादेत तो परका ठरला. त्याचे इंजिनिअर होणे राहून गेले. वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. तेच आजवर सलते. मी नियम वाचला नव्हता, एवढेच खरे.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. वाट्याचे मोल विभागात महाविद्यालये किती, यावर ठरते. कुंपणाच्या आत विहीर असेल तर कुंपण राखण करते. विहीर बाहेर असेल तर तेच कुंपण तहानलेल्यास अडविते. वैद्यकीय प्रवेशांत हेच घडले. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये थोडी. त्यामुळे सत्तर-तीसचे सूत्र रद्द करावे, ही मागणी आमच्याच विभागातून उठली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. अभियांत्रिकीत १९८३ पासून विनाअनुदान महाविद्यालये निघाली व जागा उदंड झाल्या. मात्र सरकारी महाविद्यालयातील माफक शुल्काची जागा आणि खासगीतील जागा यांत गरीब बापाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून जवळच्या सरकारी जागेचा वाटा क्षुल्लक नव्हता.

समाजाच्या कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे. गुणवंतांचे सत्कार आपण दरवर्षी करतो. ते अवश्य व्हावेत. परंतु सत्कार निकालानंतर होतो, आणि मुलाचे भवितव्य पुष्कळदा त्याच्या दोन वर्षे आधी, अकरावीचा अर्ज भरतानाच ठरते. यास्तव दरवर्षी मे महिन्यात दहावीच्या मुलांच्या पालकांस एकत्र बोलवावे आणि त्या वर्षीची सरकारी प्रवेशपुस्तिका जाणत्या व्यक्तीकडून वाचून, समजावून द्यावी. नियम बदलत राहतात. ऐकीव माहितीवर कोणी विसंबू नये, गुरुजींच्या सल्ल्यावर तर नाहीच.

पूर्वजांनी करार करून आपल्यासाठी दार उघडून ठेविले. त्या दाराची वाट मुलांस वेळेवर दाखविणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. इत्यलम्.