किल (संगणकीय आज्ञा)

चालू असलेली प्रक्रिया टर्मिनलवरून बंद करण्याची युनिक्स व लिनक्समधील आज्ञा. विंडोजमध्ये हेच काम 'टास्ककिल' करते.

प्रत्येक प्रक्रियेला कर्नल एक क्रमांक (पीआयडी) देतो. 'पीएस' किंवा 'टॉप' चालवून तो शोधायचा आणि 'किल ४३१२' असे लिहायचे. किल स्वतः काही बंद करत नाही. ती कर्नलमार्फत सिग्नल पाठवते. वेगळे काही सांगितले नाही, तर १५ वा सिग्नल (टर्म) जातो. नीट लिहिलेला प्रोग्रॅम तो मिळताच हातातली नोंद पुरी करतो, तात्पुरत्या फाइली पुसतो आणि बंद होतो. टर्म धुडकावताही येतो. ९ वा नाही. तो प्रोग्रॅमच्या हाती पडतच नाही, कर्नलच प्रक्रिया संपवतो, म्हणून आवराआवरीला वेळ उरत नाही. तरीही पहिल्या झटक्यातच 'किल -९' लिहिणारे पुष्कळ. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका जोडणीची प्रक्रिया अशी मारली, तर सर्व्हर बाकीच्या सगळ्या जोडण्याही तोडतो आणि डेटा सावरून मगच पुन्हा उभा राहतो.

अनेकांच्या सामायिक यंत्रावर आधी टर्म, मग ९ वा ही शिस्त यंत्रणेनेच पाळलेली दिसते. पुण्याच्या आयसरमधील 'परम ब्रह्म' या महासंगणकावर कामे 'स्लर्म' ही प्रणाली वाटते. तिथे काम रद्द करायचे तर 'एसकॅन्सल' आणि कामाचा क्रमांक. स्लर्म आधी टर्म पाठवते, तिच्या मूळ मांडणीप्रमाणे ३० सेकंद थांबते आणि मगच ९ वा सिग्नल सोडते. कित्येक दिवस चाललेल्या गणिताची स्थिती तेवढ्या वेळात डिस्कवर उतरवता येते, अर्थात प्रोग्रॅम लिहिताना तशी तजवीज केली असेल तर. दुसऱ्याचे काम सामान्य वापरकर्त्याला रद्द करता येत नाही. तो अधिकार प्रशासकाचा.

९ व्या सिग्नललाही मर्यादा आहेत. 'झोंबी' प्रक्रिया आधीच संपलेली असते, यादीत फक्त तिची नोंद उरते. ती घालवायची तर जनक प्रक्रियेकडे पाहावे लागते. डिस्कच्या उत्तरासाठी 'डी' अवस्थेत अडकलेली प्रक्रिया सहसा ते उत्तर येईपर्यंत हलत नाही.

'पीकिल' नावावरून प्रक्रिया शोधून बंद करते. आधी त्याच नावाने 'पीग्रेप' चालवून यादी पाहावी. 'किलऑल'बाबत अधिक जपावे: लिनक्सवर ती दिलेल्या नावाच्याच प्रक्रिया बंद करते, सोलारिसवर झाडून सगळ्या.