बैलगाडी शर्यत आणि रात्रीचे संगीत लोकनाट्य

महाराष्ट्रातील अनेक यात्रा-जत्रांमध्ये दिवसा बैलगाड्यांची शर्यत आणि रात्री संगीतप्रधान लोकनाट्य असा जोडकार्यक्रम होतो. पुणे, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात शर्यतीच्या जोडीला तमाशा असतो, तर पूर्व विदर्भात शंकरपटाच्या जोडीला झाडीपट्टीचे नाटक असते. शर्यतीसाठी पंचक्रोशीतून आलेले पाहुणे हाच रात्रीच्या खेळाचा प्रेक्षकवर्ग होय.

बैलगाडा आणि तमाशा
जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत शर्यतीच्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. चढाच्या घाटात एका वेळी एकच गाडा धावतो व सेकंदांवरून क्रमांक ठरतो. गाड्याला जुंपलेल्या बैलजोडीपुढे आणखी एक जोडी आणि सर्वांत पुढे घोडीवरचा स्वार असतो. बैलांना वाजतगाजत, भंडारा उधळीत घाटात आणले जाते. निवेदकाची लांबवलेली ‘भिर्रर्र’ ही आरोळी या शर्यतीची ओळख बनली आहे.

रात्री गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने तमाशा रंगतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज ही त्यातील प्रमुख वाद्ये होत. यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाचे फड नारायणगाव येथे राहुट्या उभारतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी ठरवतात. सुपारीची रक्कम गावाच्या वर्गणीतून दिली जाते. त्यामुळे प्रेक्षकांना तिकीट नसते.

शंकरपट आणि झाडीपट्टीचे नाटक
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भातपिकाच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. येथील शंकरपटात हलक्या छकड्यांच्या दोन जोड्या समांतर धावपट्ट्यांवरून एकाच वेळी धावतात. रात्री सुरू होणारे नाटक पहाटेपर्यंत चालते. ऑर्गन व तबल्याच्या साथीवर नट स्वतः गातात. वडसा (देसाईगंज) हे नाटक कंपन्यांचे प्रमुख केंद्र आहे. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. गावातील मंडळ कंपनीला बोलावते आणि खर्च मुख्यतः तिकीटविक्रीतून भरून काढते. साहजिकच दिवसाच्या गर्दीला येथे आर्थिक महत्त्व आहे.

बंदी आणि पुनरारंभ
केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने, प्रदर्शन व खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून नियमबद्ध शर्यतींचा मार्ग खुला केला. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

या वादाचा विषय बैलांना होणारी इजा व क्रूर वागणूक हा होता. तमाशा वा नाटकावर कोणतीही बंदी नव्हती. झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईच्या निमित्ताने प्रयोग होत राहिले. मात्र जेथे शर्यत हेच गर्दीचे मुख्य आकर्षण होते, तेथे रात्रीच्या खेळाचा एक आधार गेला. प्राण्यांचे हित आणि कलावंतांची उपजीविका हे दोन प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

मोटारशर्यतींशी साम्य
वाहनांच्या शर्यतीला गाण्याची जोड देण्याची रीत आधुनिक मोटारशर्यतींतही दिसते. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनची पहिली भारतीय ग्रां प्री झाली आणि त्याच रात्री अमेरिकन गायिका लेडी गागा हिचा कार्यक्रम झाला. तेथे संगीत हा शर्यतीनंतरचा समारोप होता. गावच्या यात्रेत मात्र शर्यत आणि लोकनाट्य ही एकाच उत्सवाची दोन अंगे मानली जातात.