स्त्रीनामे

स्त्रियांना जन्मानंतर किंवा विवाहप्रसंगी दिली जाणारी व्यक्तिनामे. नाव हे व्यक्तीच्या ओळखीचे साधन होय; तथापि निरनिराळ्या भाषांतील स्त्रीनामांचा इतिहास पाहता ही ओळख पुष्कळदा स्वतः स्त्रीची नसून तिच्या कुळाची, पित्याची वा पतीची असल्याचे दिसून येते.

याचे ठळक उदाहरण प्राचीन रोममध्ये आढळते. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात उच्चकुलीन रोमन पुरुषास बहुधा तीन नावे असत. मुलीस मात्र कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप तेवढे मिळे. मार्कस टल्यस सिसेरोची कन्या टल्या, तर ज्यूलियस सीझरची कन्या ज्यूल्या. सीझरच्या दोन्ही बहिणींचे नावही ज्यूल्याच होते. अशा वेळी ‘थोरली’, ‘धाकटी’, ‘तिसरी’ अशी विशेषणे जोडून काम भागविले जाई. मार्क अँटनीच्या ऑक्टेव्हियापासून झालेल्या दोन्ही मुली इतिहासात थोरली अँटोनिया व धाकटी अँटोनिया म्हणूनच ओळखल्या जातात.

संस्कृत महाकाव्यांतील कित्येक नायिकांची रूढ नावे याच जातीची आहेत. द्रौपदी म्हणजे द्रुपदाची कन्या. तिचे नाव कृष्णा. गांधारी व कैकेयी ही देशवाचक, जानकी ही पितृवाचक, तर कुंती हे नाव पृथेला दत्तक घेणाऱ्या कुंतिभोजामुळे पडले. सातवाहन काळात याच्या उलट बाजूचे दर्शन घडते. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही राजनामे मातेवरून पडलेली आहेत. मात्र त्यांतून कळते ते मातेचे गोत्र, तिचे स्वतःचे नाव नव्हे. सातकर्णीच्या मातेचे बलश्री हे नाव आज ज्ञात आहे, ते पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील नासिक येथील लेण्याच्या दानलेखामुळे.

नाव कसे असावे, याविषयी धर्मशास्त्राने नियम घालून दिले होते. गृह्यसूत्रांनी मुलीच्या नावात विषम संख्येने अक्षरे असावीत असे सांगितले. मनुस्मृतीनुसार स्त्रीचे नाव उच्चारण्यास सोपे, स्पष्टार्थक, मनोहर, मंगल व दीर्घ स्वरान्त असावे. त्याच ग्रंथात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींचे नाव असलेली कन्या विवाहास वर्ज्य मानली आहे. हा निषेध लोकांनी फारसा मानलेला दिसत नाही. रोहिणी, रेवती, तुळसा, चंपा, मैना, गोदावरी, यमुना यांवाचून महाराष्ट्रातील जुन्या पिढीची गणतीच पुरी होणार नाही.

धर्मप्रसार, व्यापार आणि वाङ्मय यांबरोबर नावे भाषांतर न होता प्रवास करतात आणि वाटेत त्यांचा अर्थ झिजतो. प्राचीन ईजिप्शियन भाषेतील एका कमळवाचक शब्दापासून हिब्रूतील शोशन्ना, तीपासून ग्रीक सुसान्ना व पुढे इंग्रजी सूझन ही रूपे आली. मोती या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून मार्गारेट, ग्रेटा, रिटा आणि पेगी ही नावे निघाली. यांपैकी शेवटचे पाहून मोत्याची आठवण कोणालाही होणार नाही. कृपा या अर्थाच्या हिब्रू हन्ना नावापासून आना व तिचे स्पॅनिश लघुरूप अनिता झाले. मराठी घरांतील अनिता या नावाचे त्याच्याशी पूर्ण साम्य आहे. संस्कृतप्रमाणे त्याची फोड करू गेल्यास ‘न नेलेली’ असा काहीसा चमत्कारिक अर्थ निघतो. नाव ठेवताना बहुधा अर्थापेक्षा कानाला लागणाऱ्या गोडव्याचाच विचार होत असावा.

अर्थ पुरता शाबूत असलेला एक वर्ग मात्र वेगळाच आहे. मुलापाठोपाठ मुलगा हवा असताना मुलगी जन्मली, की तिच्या नावातच नाराजी नोंदविण्याची प्रथा अनेक समाजांत आढळते. महाराष्ट्रातील नकोशी वा नकुसा, बंगालमधील आन्नाकाली (‘आता नको, काली’), राजस्थानातील धापू (‘तृप्त झालो’) ही याची उदाहरणे. चिनी भाषेतील चाओदी या नावाचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावून आणणारी’ असा आहे. अशा नावामुळे पुढची अपत्ये मुलगे होतात, ही त्यामागील समजूत. शाळेच्या हजेरीपटात रोज पुकारले जाणारे हे नाव मुलीला जन्मभर वागवावे लागे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एका जाहीर समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. कित्येकींनी ती स्वतः निवडली.

महाराष्ट्रात विवाहसमयी वधूचे केवळ आडनावच नव्हे, तर मूळ नावही बदलण्याची चाल होती. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे माहेरचे नाव यमुना. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई याही आनंदीबाईच झाल्या. दोन्ही ठिकाणी नदीचे नाव गेले, हा योगायोगच म्हणावा लागेल; मनूच्या निषेधाशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही. शिक्षणाच्या प्रसाराबरोबर, विशेषतः प्रमाणपत्रांवरील व नोकरीतील नाव बदलणे अडचणीचे ठरू लागल्यावर, ही चाल मागे पडली.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम ठरविण्यात आला. सातवाहनांच्या मातृनामांशी त्याची तुलना केली जाते; परंतु येथे नोंदले जाते ते आईचे गोत्र नसून तिचे नाव होय.