लैंगिक आरोग्यसेवेतील संवाद व समुपदेशन

लैंगिक आजार, गर्भनिरोधन, गर्भपात, वंध्यत्व, कामजीवनातील अडचणी किंवा लैंगिक हिंसा यांसंबंधी मदत मागायला आलेल्या व्यक्तीला मोकळेपणाने बोलता यावे, समजेल अशा शब्दांत अचूक माहिती मिळावी आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, यासाठी डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक व आशा कार्यकर्ती यांनी आत्मसात करायची कौशल्ये. सल्ला देणारा काय करावे ते सांगतो. समुपदेशक पर्याय समोर मांडतो आणि निवड करेपर्यंत सोबत राहतो. या क्षेत्रात निदानाचा मोठा आधार रुग्णाने सांगितलेली हकीकत हा असतो. ती लाजेपोटी अर्धवट राहिली, तर तपासणी आणि औषधेही चुकू शकतात. म्हणून संवाद उपचाराचाच भाग ठरतो.

इतिहास : र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. जो प्रश्न घरात विचारता येत नव्हता, त्याला पत्रातून वाट मिळाली. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये चाललेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या अहवालात लैंगिकतेसंबंधी आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या ‘प्लिसिट’ प्रतिमानात चार पायऱ्या आहेत : बोलण्याची मुभा देणे, मर्यादित माहिती देणे, नेमक्या सूचना करणे आणि गरज असल्यास सखोल उपचारासाठी तज्ज्ञाकडे पाठवणे. पहिल्या पायरीवरच पुष्कळांचे ओझे उतरते, हे या प्रतिमानाचे मर्म आहे.

मौन आणि भाषा : डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले; यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. इतके दुखणे घरातच राहत होते. दवाखान्यात आलेली स्त्रीही अनेकदा ‘कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो’ एवढेच सांगते. ‘श्वेतप्रदर आहे का?’ या प्रश्नाला ती मान हलवते, कारण तो शब्दच तिचा नसतो. ‘अंगावरून पांढरं जातं का? वास येतो का? खाज सुटते का?’ असे विचारले की बोलणे सुरू होते.

‘लग्न झालंय का?’ हा बाह्यरुग्ण विभागातला रूढ प्रश्नही असाच अपुरा आहे. शरीरसंबंधांची चौकशी त्यातून आडून केली जाते. अविवाहित मुलगी ‘नाही’ म्हणते आणि गर्भधारणेची किंवा संसर्गाची शक्यता नोंदीतून निसटते. ‘औषध ठरवण्यासाठी हे मी सगळ्यांनाच विचारते,’ अशी सुरुवात करून शरीरसंबंध आले आहेत का, कोणाशी, निरोध वापरला का, हे सरळ पण हळुवार विचारणे इष्ट. जोडीदार पुरुषच असेल किंवा स्त्रीच असेल, असे गृहीत धरू नये.

‘धात (वीर्य) जाते, त्यामुळे अंगात त्राण राहिले नाही’ ही तरुणांची तक्रार भारतीय दवाखान्यांत नेहमीची. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. ‘काही होत नाही, जा’ असे म्हटल्याने भीती जात नाही. तरुण भोंदूकडे वळतो. आधी त्याची समजूत ऐकून घ्यावी, झोप, भूक व नैराश्य यांची विचारपूस करावी, मग स्वप्नदोष हा आजार नाही हे समजावावे.

मुलाखतीची रीत : सोबतच्या नातेवाइकाला बाहेर बसवणे हा सर्वांसाठी एकच नियम ठेवावा, म्हणजे रुग्णावर संशय येत नाही. पडदा ओढावा, दार लावावे, फोन बाजूला ठेवावा. उघडे प्रश्न आधी, नेमके नंतर. रुग्ण थांबला तर घाईने वाक्य पुरे करू नये. कपाळावरची आठीदेखील निवाडा ठरते. शेवटी ‘आता घरी गेल्यावर काय काय करायचं, ते मला सांगा,’ असे म्हणून समजले आहे याची खात्री करावी.

एचआयव्ही चाचणी : एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात (आयसीटीसी) चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशन होते. आधी चाचणीचा अर्थ, संमती आणि संसर्गानंतर काही काळ चाचणीत तो दिसत नाही असा ‘विंडो पिरियड’ समजावतात. अहवाल पॉझिटिव्ह असल्यास तो थोडक्या, स्पष्ट शब्दांत सांगून थांबावे. त्या क्षणी माणसाला पुढचे फारसे ऐकू येत नाही. पाण्याचा पेला आणि शेजारी बसलेली व्यक्ती यांची गरज अधिक असते. एआरटी (एचआयव्हीविरोधी) औषधांनी दीर्घ आयुष्य शक्य आहे, आज घरी सोबत कोण आहे, पुढे कधी यायचे, एवढे पहिल्या भेटीत पुरे. आत्महत्येचे विचार येतात का, हेही विचारावे.

गोपनीयता व कायदा : एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आणि स्थितीची गोपनीयता त्याने बंधनकारक केली. जोडीदाराला कळवण्यासाठीही अटी घातल्या. पोक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवावी लागते. गोपनीयतेची ही मर्यादा त्या व्यक्तीने सर्व सांगून टाकल्यावर नव्हे, संभाषणाच्या आरंभीच सांगायला हवी; एरवी विश्वासघात होतो.

प्रशिक्षण : ही कौशल्ये भूमिकानाट्य, निरीक्षण आणि अनुभवी सहकाऱ्यासोबतच्या चर्चेतून येतात. लिंग, योनी, हस्तमैथुन हे शब्द न अडखळता उच्चारण्याचा सराव हा त्याचा पहिला धडा. सेवकाची जीभ अडखळली, की रुग्ण आपली गोष्ट पुन्हा कंबरदुखीवर आणून ठेवतो.